'पिअल सरफेस'ला मराठीत काय म्हणावं? पृष्ठ, कड, हद्द की आणखी काही?

रेघोटी
मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे.

आमच्याकडे एमआरआयवरून मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या करड्या थराची, जाडी मोजतात, फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर वापरून. ते प्रत्येक अर्धगोलात दोन सीमा आखतं. पांढरं द्रव्य संपून करडं सुरू होतं ती आतली, आणि करडं संपतं ती बाहेरची, पिआ या पातळ आवरणाला टेकलेली, म्हणजे पिअल सरफेस. आमच्या पडद्यावर आतली पिवळी दिसते, बाहेरची लाल. दोघींमधलं अंतर म्हणजे जाडी. ती सरासरी अडीच मिलिमीटर, आणि आमच्या चित्रातला एक व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका, १ मिमीचा. म्हणजे रेघ एकच व्हॉक्सेल सरकली तरी केवढा फरक पडतो बघा. म्हणून माणसानं एकेक काप डोळ्यांखालून घालावा लागतो.

हे काम शिकायला जिल्ह्याच्या कॉलेजांमधून मुलं येतात. हुशार आहेत, पण इंग्रजी सूचना वाचताना अडखळतात, म्हणून मी मराठीत टिपण केलं. त्यात लिहिलं, 'बाह्य पृष्ठ पुढे गेले असल्यास दुरुस्त करावे.' एक मुलगी टिपणाचे कागद घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, कितवं पृष्ठ पुढे गेलंय? माझ्याकडे सगळी क्रमानं आहेत."

तिचं काहीच चुकलं नाही. शब्द माझा चुकला. तर दोन गोष्टी हव्या आहेत. या सीमेला काय म्हणावं? आणि ती चुकते तेव्हा नेमकं कसं सांगावं? लाल रेघ बाहेर जाऊन मेंदूवरच्या जाड आवरणावर, ड्यूरावर, चढते. पिवळी कधी वळीच्या टोकापर्यंत पोचतच नाही. दोन्हींना 'चुकली' म्हटलं तर मुलांना काय करायचं ते कळत नाही.

शुद्धमती
'पृष्ठ' टाकून देऊ नका. नुसतं 'पृष्ठ' न लिहिता 'पृष्ठभाग' लिहा, गोंधळ संपेल. पाण्याचा पृष्ठभाग, चंद्राचा पृष्ठभाग हे सगळे शाळेत शिकलेत. आपली 'पाठ'सुद्धा 'पृष्ठ'वरूनच आली. इतका घरचा शब्द आहे.

तिखटमीठ
शुद्धमतीकाका, आमच्या वर्गात बाईंनी 'पृष्ठभाग' म्हटलं की मागच्या बाकांवर हसू फुटायचं, कारण घरी त्याचा अर्थ वेगळाच. मोठ्या मुलांचं सोडा, पण शब्द कानाला स्वच्छ हवा.

आणि पिआ म्हणजे काय ते मी हातानं सोललंय. आमच्याकडे भेजा आणला की आई तो कोमट पाण्यात ठेवायची आणि बोटांनी वरचा लाल शिरांचा पापुद्रा काढायला लावायची. ओढला की फाटतो, वळ्यांच्या खाचांमध्ये शिरलेला असतो, नखानं हळूहळू सोडवावा लागतो. तो पापुद्रा करड्या भागाला जिथे चिकटलेला असतो, तीच तुमची लाल रेघ ना? मग 'पापुद्र्याची कड' म्हणा.

रेघोटी
हो, अगदी तीच जागा! पापुद्रा खाचेत शिरतो हे फारच उपयोगी. कारण खाचेच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात तिथे चित्रात मध्ये काळं काही दिसतच नाही आणि रेघ आत उतरायला कचरते.

काळापांढरा
मी एमआरआय तंत्रज्ञ आहे, एकवीस वर्षं. शब्दांच्या आधी एक सांगतो. मुलांना लाल रेघेच्या मागे लावू नका. आधी पिवळी बघायला शिकवा. लाल रेघ पिवळीवरूनच बाहेर वाढवत नेलेली असते, त्यामुळे मूळ चूक पुष्कळदा आत असते. पिवळी बरोबर असून लाल ड्यूरावर चढली असेल तर कवटी काढून टाकलेल्या चित्रात ड्यूराचा तुकडा उरलेला असतो. तो पुसायचा आणि लाल रेघ पुन्हा काढायला लावायची. आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाच्या आसपासच्या रेघा नीटनेटक्या करत बसू नका, तिथे त्या अचूक असाव्यात अशी अपेक्षाच नसते.

आता शब्द. 'कंट्रोल पॉइंट'चं, म्हणजे दुरुस्तीसाठी चित्रात हातानं द्यायच्या ठिपक्याचं, काय केलंत? कारण 'नियंत्रण बिंदू' या भाषांतरानं मी घोळ झालेला पाहिलाय. मुलांना वाटलं रेघेला ताब्यात ठेवायचंय, म्हणून त्यांनी ठिपके रेघेवरच दिले. ठिपका द्यायचा असतो पांढऱ्या द्रव्याच्या आत, जिथे ते असायला हवं त्यापेक्षा मंद दिसतंय तिथे. सॉफ्टवेअर पांढऱ्याची उजळता ११० धरतं. ठिपका दिला की ती जागा ११० मानून आजूबाजूचं चित्र पुन्हा समतोल केलं जातं. करड्यावर ठिपका पडला तर करडंच पांढरं व्हायला लागतं. म्हणजे ठिपका नियंत्रण करत नाही, ग्वाही देतो की 'हे पांढरंच आहे'. मी 'ग्वाहीचा ठिपका' म्हणतो.

शुद्धमती
कल्पना उत्तम, शब्द फारसी. 'साक्षबिंदू' म्हणा.

काळापांढरा
काका, ग्वाही माझी आजी द्यायची, तिला फारसीचा गंधही नव्हता.

शुद्धमती
आजीबद्दल पूर्ण आदर आहे. पण नवा शब्द घडवायची संधी रोज येत नाही. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' दिले तेव्हाही लोक म्हणाले होते की तारीख आणि मेयर काय वाईट आहेत. आज दोन्ही सहज वापरतो. विज्ञानात तरी मुळापासून बांधू या.

तिखटमीठ
आणि तारीख गेली का कुठे? दोन्ही नांदतात.

धुरकरी
मी वऱ्हाडातला, शेतीवाला. मला यातलं मेंदूचं काही कळत नाही, पण रेघोटीताईंचा दुसरा प्रश्न वाचला आणि आमचं वावरच डोळ्यांसमोर आलं. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. शेजारी दरवर्षी वखरताना वीतभर आत येतो, त्याला म्हणतात धुरा कोरला. एका वर्षी कळत नाही, दहा वर्षांनी मोजणी आणली की एक तास, म्हणजे वावरातली एक ओळ, गेलेलं असते. तुमची लाल रेघ ड्यूरावर जाते म्हणजे तिनं धुरा कोरला. यात कोण, कुठून, कोणाच्या रानात गेलं ते सगळं येते. 'चुकली' म्हटल्यानं त्यातलं काहीच येत नाही.

रेघोटी
धुरकरीदादा, हा शब्द मी टिपणात घेणार! 'लाल रेघेनं बांध कोरला' हे आमच्या मुलांना एका वाक्यात कळेल, अर्ध्याहून जास्त जण शेतकऱ्यांचीच आहेत.

पण उलटी चूक राहिलीच. पिवळी रेघ वळीच्या टोकाला पोचत नाही, पांढरं द्रव्य तिथे बारीक होत जातं आणि ती मधेच मागे फिरते. त्याला?

शुद्धमती
त्याआधी आवरणांची नावं ठरवा. ड्यूराला दृढतानिका, मधल्या आवरणाला, अरॅक्नॉइडला, जालतानिका, पिआला मृदुतानिका. तिन्ही एका कुळातली, मुलांना एकदाच पाठ करायची.

तिखटमीठ
अरॅक्नॉइड म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखं. मराठीत त्याला जळमट असा जिवंत शब्द असताना जालतानिका कशाला? आणि 'मेटर' म्हणजे लॅटिनमध्ये आई. जुन्या अरबी वैद्यकात या आवरणांना 'उम्म' म्हणायचे, त्याचं शब्दशः लॅटिन झालं. एक कडक आई, एक मायाळू आई. तानिकेत ती आई हरवली.

शुद्धमती
शस्त्रक्रियेच्या अहवालात 'जळमट काढले' लिहिणार का? शास्त्राला स्वतःची भाषा लागते. रोजचे शब्द रोजच्या अर्थांनी लडबडलेले असतात.

काळापांढरा
'पृष्ठ' शास्त्राचाच शब्द होता. कागद मोजले गेले.

बेटावरची
सीमेसाठी 'शीव' का नको? सीमा, सींव, शीव, सरळ आपला शब्द. मुंबई बेटाची हद्द जिथे संपायची ते गाव शीव, इंग्रजीत सायन. खाडीपलीकडे साष्टीत पोर्तुगीज, अलीकडे इंग्रज. अख्खं गावच या शब्दावर उभं आहे.

तिखटमीठ
शीवचं मूळ जेरुसलेमच्या टेकडीत आहे असंही सांगतात ना? पाद्र्यांनी दिलेलं नाव म्हणून.

बेटावरची
ते इंग्रजी स्पेलिंगवरून मागाहून जुळवलेलं वाटतं मला. माझे आजोबा तिथेच वाढले. त्यांच्या तोंडी कायम 'शिवेला जातो' असं होतं, गावाच्या शिवेला जातात तसं. सायनला असं कोणी म्हटलं असतं का?

शुद्धमती
बेटावरची यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि 'हद्द' अरबी आहे, त्यामुळे 'शीव'ला माझा मनापासून पाठिंबा.

मेरेवरचा
उशिरा आलो. धुरा वाचून राहवलं नाही. आमच्या कोकणात भाताच्या खाचराच्या बांधाला मेर म्हणतात. तिथे कोरण्यापेक्षा मोठा त्रास खेकड्यांचा. ते मेरेला बिळं पाडतात. वरून मेर धड दिसते, पण पाणी आतून खालच्या खाचरात. सकाळी जाऊन बघावं तर वरचं खाचर कोरडं आणि खालच्यात रोपं बुडालेली. वडील पायानं चाचपत जायचे, बीळ सापडलं की चिखलाचा गोळा कोंबून टाचेनं दाबायचे. असलं काही होतं का तुमच्या रेघेत?

रेघोटी
होतं! सीमा सलग असावी लागते, चेंडूच्या सालीसारखी, कुठे भोक नाही आणि कुठे मूठ नाही. पांढऱ्या द्रव्यात प्रत्यक्षात नसलेली पोकळी चित्रात उरली तर सॉफ्टवेअर ती आपणहून बुजवायचा प्रयत्न करतं, पण मोठी असेल तर चुकीचं बुजवतं. मग आम्ही व्हॉक्सेल भरतो, तुमच्या वडिलांच्या चिखलाच्या गोळ्यासारखे. भोकाला 'बीळ' चालेल. पण दोन शेजारच्या वळ्या मधेच पुलासारख्या जोडल्या जातात, ती 'मूठ', तिला काय म्हणू? आणि पिवळ्या रेघेच्या माघारीचं कोणीच सांगितलं नाही अजून.

बेटावरची
मेर आणि शीव यांत फरक काय पण? शीव गावाची आणि मेर शेताची, असं का?

मेरेवरचा
आमच्याकडे तरी तसंच. मेरेवरून चालता येतं. शिवेवरून नुसतं पलीकडे जायचं असतं.

धुरकरी
आमच्याकडे शीव ओलांडताना नवरीच्या गाडीवरून नारळ ओवाळून फोडत. धुऱ्यावर कोणी फोडत नाही.