हेल्दी, पण कोणासाठी? ताटातल्या ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ पदार्थांविषयी तुमचे अनुभव सांगा

नागपुरात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच यादी आहे. ओट्स, किनोआ, चिया, ग्रीन टी चांगले. वडाभात, तर्री पोहे, पाटवडी रस्सा, रोडगे वाईट. ही यादी कुणी केली आणि कुणाचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून केली, हे कुणी विचारत नाही. शिवाय ती बदलतही राहते. आहारातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल जाऊ नये, ही मर्यादा अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेत कितीतरी वर्षं होती. २०१५ च्या आवृत्तीत तो आकडा काढून टाकला गेला. तरी अंड्याचा बलक फेकून देणारी घरं माझ्या ओळखीत आजही आहेत. ज्वारीचंही तसंच. गरिबाचं धान्य म्हणून मागे पडलेली ज्वारी, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यावर सुबक पाकिटात दुकानाच्या दर्शनी फळीवर आली. धान्य तेच होतं.

मला वाटतं, नुसत्या पदार्थाकडे पाहून तो चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही. खाणारा कोण, तो काम काय करतो, त्याला दुखणं कोणतं, त्याच्या ताटात दुसरं काय आहे, हे आधी विचारायला हवं. तुमच्या घरात हा प्रश्न कसा उभा राहिला ते लिहा. आजीचं सगळं बरोबर आणि डॉक्टरांचं सगळं चूक, असं म्हणायला हा धागा नाही. कृपया कुणाला औषधोपचार सुचवू नका.

मनीषनगर, एक आई

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या शाळेत ‘हेल्दी टिफिन’चा नियम आला. साखर, बिस्किटं, ज्यूस, काही आणायचं नाही. हेतू चांगलाच होता. पण इन्सुलिन घेणाऱ्या लेकराची रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, की त्याला साधारण १५ ग्रॅम साखर ताबडतोब द्यावी लागते. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. त्या वेळी बदाम, सफरचंदाच्या फोडी, मुगाचं धिरडं यांचा उपयोग नसतो, कारण ते सावकाश पचतं. चॉकलेटही नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. लागतं ते ग्लुकोज, नाहीतर साधं साखरपाणी.

घाम फुटलेला, हात थरथरताहेत, अशा अवस्थेत ती ज्यूसचं पाकीट फोडत होती आणि शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “तू तर जंक पिते, मी टीचरला सांगते.” तिनं ते पाकीट परत दप्तरात ठेवलं. हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या पोरीचा दोष नाही. तिला जंक म्हणजे वाईट, आणि ते खाणारा वाईट, एवढंच शिकवलेलं. मी मुख्याध्यापिकांना भेटले, डॉक्टरांचं पत्र दिलं. आता वर्गात ग्लुकोजचा डबा असतो आणि तो कशासाठी आहे हे सगळ्या मुलांना सांगितलेलं आहे. माझी एकच विनंती आहे. लहान मुलांसमोर पदार्थांना शिव्या देऊ नका.

प्रतापनगर, निवृत्त

माझं डायलिसिस सुरू आहे. भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची पेटी घरी आली, की आधी मीच सोलायला बसायचो. आता हात लावत नाही. किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. संत्रं, केळं, नारळपाणी, टोमॅटो, पालक, जे जे भेटायला येणारे प्रेमानं आणतात, ते सगळं माझ्यासाठी मोजून खायचं, नाहीतर टाळायचंच. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. “जीवनसत्त्वं वाया चालली ना जी,” असं शेजारच्या काकू कळवळून म्हणतात. ब्राऊन राइस आणि कोंड्याची पोळी यांत फॉस्फरस जास्त, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी मला पांढरा भात सांगितला. ज्यांना सगळे शहाणे लोक नावं ठेवतात, तेच माझं पथ्य आहे.

संत्र्यात काही खोट नाही. नातवंडं खातात, मला बघून बरं वाटतं.

गोळीबार चौक परिसर

आम्ही हलबा कोष्टी, विणकर. आमचं सावजी जेवण म्हटलं की लोक आधी “बाप रे, किती तिखट, किती तेल” म्हणतात. आमच्या घरी पूर्वी जवसाचं तेल असायचं. शहरातले लोक त्याच जवसाला आता ओमेगा-३ साठी भाजून बाटलीत ठेवतात. पण मी इथं नीट सांगतो: हे तेल जास्त तापवलं की लवकर खराब होतं. म्हणून जवस चांगलं, म्हणजे सावजी रस्सा औषधी, असला दावा मी करणार नाही.

सांगायचं वेगळंच आहे. आजोबा हातमागावर बसायचे. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर, दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. त्या कष्टाला ते जेवण होतं. आणि रोज मटण कुठून येणार? रोजचं जेवण म्हणजे भाकर, चून (पिठलं), वरण, कधी पाटवडीचा रस्सा. माग गेले, मी दुकानात खुर्चीवर बसतो, आणि लोकांना सावजी म्हणजे फक्त रात्री उशिरा हॉटेलात खायचं मटण एवढंच माहीत आहे. एका जमातीच्या जेवणावर ‘अनहेल्दी’ शिक्का मारताना तिचा माग कुणी मोजला नाही.

तिखटानं अल्सर होतो, असंही आम्हाला कायम ऐकवतात. वडिलांना झाला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की बहुतेक अल्सरचं मूळ एच. पायलोरी नावाच्या जिवाणूत किंवा वेदनाशामक गोळ्यांत असतं. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. वडील गुडघ्यासाठी अशा गोळ्या रोज घेत होते. जखम भरेपर्यंत तिखटानं जळजळ होणारच, ते त्यांनी तेव्हा बंद ठेवलं.

नंदनवन, मूळ भंडारा जिल्हा

लाखोळीबद्दल, म्हणजे लाखेच्या (खेसरी) डाळीबद्दल, कुणीतरी लिहिलंच पाहिजे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. धान कापला की ती वर येते. वेगळं पाणी लागत नाही, नांगरट लागत नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी, दाण्याची डाळ, डाळीचे वडे, उरलेलं कुटार जनावरांना. १९६१ मध्ये महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर बंदी आली, कारण तिच्यात मज्जातंतूंना घातक असा एक पदार्थ असतो आणि त्यानं पाय कायमचे लुळे पडू शकतात. हे खोटं नाही. लॅथिरिझम हा खरा रोग आहे आणि मध्य भारतात त्यानं माणसं अपंग झालेली आहेत.

पण ती कोण होती? दुष्काळात महिनोन्‌महिने जवळजवळ फक्त लाखोळीवर जगलेली. रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणूनच ही डाळ दिली जायची. ज्याच्या ताटात भात, भाजी, थोडं ताक आहे आणि मधूनमधून लाखोळी आहे, त्याची गोष्ट निराळी. कायद्यानं डाळ पकडली, ती मजुरी तशीच राहिली. आणि बंदी विक्रीवर होती, त्यामुळे गावात पिकत आणि खाल्ली जातच होती. फक्त शेतकऱ्याला तिचा उघड भाव मिळेना.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. २००८ मध्ये राज्यानं बंदी उठवली. दरम्यान कृषी संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे तो घातक घटक कमी असलेले वाण काढले. मला हा मार्ग पटतो. धोका नाकारायचा नाही, आणि गरिबाचं अन्न म्हणून ते पुसूनही टाकायचं नाही. माझी आई शहरात आल्यावर पाहुण्यांसमोर लाखोळीचं नाव घ्यायची नाही, “डाळीचे वडे” म्हणायची. मी नाव घेते.

उत्तर नागपूर, शिक्षिका

आमच्या शाळेत बहुतेक मुलं मजुरांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय झाला, न खाणाऱ्यांना केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढलेली मी पाहिली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. लोकवर्गणीतून द्या, असं सांगण्यात आलं. आमच्या वस्तीत कोण वर्गणी देणार?

त्या काळात ‘सात्त्विक’ हा शब्द फार कानावर आला. ज्यांच्या घरी दूध, पनीर, सुकामेवा रोज आहे त्यांनी तो जरूर पाळावा. पण माझ्या वर्गातल्या मुलीला स्वस्तात उत्तम प्रथिनं देणारी वस्तू दुसऱ्या कुणाच्या श्रद्धेच्या तराजूत तोलली जाते, याचा मला राग येतो. तिच्या घरी अंडं, मासळी, मटण हे सणाचं जेवण आहे. त्याला तामसी म्हटलं की त्या घरालाच काहीतरी म्हटलं जातं, हे तिला चौथीतच कळतं.

जरीपटका

मुलाला सिकलसेल आहे. “बीट दे, खजूर दे, गूळ दे, रक्त वाढेल,” हे रोज ऐकते. सिकलसेल म्हणजे लोहाची कमतरता नाही, तांबड्या पेशींचा आकारच बिघडतो. रक्त चढवून चढवून शरीरात लोह उलट जास्तही होऊ शकतं. आमच्या घरी सगळ्यात महत्त्वाचं पथ्य म्हणजे पाणी, त्यातही मे महिन्यात.

धरमपेठ, विद्यार्थिनी

मी ‘क्लीन’ खायला लागले. आधी साखर सोडली, मग गहू, मग दूध, मग बाहेरचं पाणीसुद्धा. सगळे कौतुक करत होते म्हणून थांबावंसं वाटेना. पाळी बंद झाली तेव्हा आई मला समुपदेशकांकडे घेऊन गेली. शुद्ध खाण्याच्या या ध्यासाला स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं, हे तिथं कळलं. आता मैत्रिणींबरोबर तर्री पोहे खाते. अजून भीती वाटते, तरी खाते.

रामदासपेठ, आहारतज्ज्ञ

सगळं वाचलं. प्रत्येक अनुभव महत्त्वाचा आहे. तरी एक गोष्ट ठामपणे सांगते: व्याख्या तपासायची म्हणजे ‘सगळं चालतं’ असं नाही. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, त्यात माणसागणिक वेगळं काही नाही. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून तेलातुपात ती २ टक्क्यांच्या वर नको असा देशात नियम आहे. तळणाचं तेल परत परत तापवल्यानं त्यात तयार होणाऱ्या घातक ध्रुवीय संयुगांनाही २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. तर्रीला मी नावं ठेवणार नाही, पण तिच्यावर तरंगणारं तेल कितव्यांदा तापलं आहे हे जरूर विचारा. आणि ‘हेल्थ ड्रिंक’ अशी वर्गवारी आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितली. फसवणूक दोन्हीकडून होते, जुन्याच्या नावानं आणि नव्याच्याही.

नंदनवन, मूळ भंडारा जिल्हा

ताईंचं पटलं. ज्यांना लाखोळी करून पाहायची आहे त्यांच्यासाठी आमच्या घरची पद्धत: लाखोळीची डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, परत नवं पाणी घालायचं. त्यानं घातक अंश बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून रोजच्या तुरीच्या जागी ही लावू नका. वड्यांसाठी वाटताना हिरवी मिरची, लसूण आणि मूठभर सांबार (कोथिंबीर) घालायचा. घेताना कमी अंशाचा वाण आहे का ते शेतकऱ्याला विचारा आणि भाव पाडून मागू नका.