मदत हवी आहे: ऑफिसच्या केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा डेटा सगळ्यांच्या मशीनवर सारखा कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी वकील आहे, कॉम्प्युटरवाली नाही, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तरी सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण. सर, मी, दोन ज्युनिअर आणि एक कारकून. केसेस, पक्षकार, पुढच्या तारखा, फीचा हिशोब हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते आधी फक्त ऑफिसच्या पीसीवर होतं, तेव्हा काही त्रास नव्हता. मग सरांना लॅपटॉपवर हवं झालं, मग मला, मग ज्युनिअर म्हणाले आम्ही कोर्टातूनच तारीख टाकतो. कुणीतरी सुचवलं की सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर क्लाऊडच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळ्या मशीनवर तोच रस्ता द्या, आपोआप सिंक होईल. केलं तसं. दोनेक महिने छान चाललं, मीच सगळ्यांना सांगत फिरत होते की बघा किती सोपं होतं म्हणून.

गेल्या आठवड्यात काय झालं, ज्युनिअरने दुपारी कोर्टातून तीन केसेसच्या पुढच्या तारखा टाकल्या. संध्याकाळी सरांनी त्यांचा लॅपटॉप उघडला, तो दोन दिवस बंदच होता, आणि भलत्याच एका केसमध्ये दोन ओळींची नोंद केली. सकाळी बघतो तर त्या तिन्ही केसेसना जुन्याच तारखा! ज्युनिअर शपथेवर सांगतोय मी टाकल्या होत्या, सर म्हणतायत मी त्या केसेसना हातही लावला नाही, आणि दोघंही खरं बोलतायत. कारकूनमामा अजून कागदाची डायरी लिहितात म्हणून कळलं, नाहीतर एका प्रकरणात आम्ही गैरहजर राहिलो असतो आणि पुढे काय होतं ते वकिलांना सांगायला नको. त्या डायरीवरून मी मामांना वर्षभर चिडवत होते, आता गप्प आहे.

तर असं का झालं, आता काय करायचं, आणि हो, फोनच्या कॅलेंडरवर काही तारखा एक दिवस आधीच्या दिसतात ते वेगळंच. शिवाय कारकुनाला आणि ज्युनिअरना फीचा भाग दिसू नये असं सरांना हवंय, सध्या तो मेनू त्यांच्या लॉगिनला लपवलाय. कुणी असं ऑफिस सेटअप केलं असेल तर प्लीज सांगा.

वायरमन:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी पाचही मशीनवर ते सॉफ्टवेअर बंद करा आणि क्लाऊडचं सिंक पॉज करा. मग प्रत्येक मशीनवरचं डेटा फोल्डर जसंच्या तसं वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा, नावात कुणाचं मशीन ते लिहा. काही दुरुस्त करायला जाऊ नका.

असं का झालं ते सांगतो. क्लाऊड फोल्डर फाईल सिंक करतं, नोंदी नाही. तुमच्या शेकडो केसेस त्याच्या दृष्टीने एकच फाईल. म्हणजे पाच जणांनी एकाच वहीची झेरॉक्स आपापल्याकडे ठेवायची, ज्याने त्याने आपल्या झेरॉक्समध्ये लिहायचं, आणि ज्याची वही शेवटी आली ती खरी, बाकीच्या बाजूला. सरांच्या लॅपटॉपवर दोन दिवसांपूर्वीची वही होती, नवी उतरायच्या आत त्यांनी तिच्यात दोन ओळी लिहिल्या, मग ती अख्खी वही वर गेली. त्यांनी त्या तीन केसेसना हात लावला नाही हे खरंच आहे, पण त्यांच्या वहीत त्या जुन्याच होत्या ना.

आता त्या फोल्डरमध्ये बघा, मूळ फाईलच्या नावापुढे कुणाच्या मशीनचं नाव किंवा कॉन्फ्लिक्ट वगैरे लिहिलेल्या आणखी फाईली आहेत का. असल्या तर नशीब, हरवलेल्या तारखा त्यात असतील. आणि डेटा फाईलचं एक्स्टेन्शन काय आहे ते कळवा.

धागाकर्ती:
बापरे, सात फाईली आहेत अशा! सगळ्यांना वाटलं कचरा आहे, ज्युनिअर एकदा डिलीट करणार होता. एक्स्टेन्शन एसीसीडीबी. सॉफ्टवेअर उघडलं की बाजूला तसल्याच नावाची एक बारकी फाईल येते आणि बंद केलं की जाते, ती काय असते?

वायरमन:
म्हणजे अ‍ॅक्सेसची फाईल. अ‍ॅक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम. ती बारकी फाईल म्हणजे कुलूप. अ‍ॅक्सेस त्यात लिहून ठेवतं की आत्ता फाईल कोण वापरतंय, म्हणजे दोघांनी एकाच नोंदीवर एकदम लिहू नये. एकाच नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये हे कुलूप चालतं कारण फाईल एकच असते. क्लाऊड फोल्डरमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची प्रत आणि स्वतःचं कुलूप, त्यामुळे कुलूप असून नसल्यासारखं. बरं हा दोष अ‍ॅक्सेसचा एकट्याचा नाही. एसक्यूलाइट (हाही फाईलीत राहणारा डेटाबेस) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरचं पण तेच, तिथे ताजे बदल बऱ्याचदा मुख्य फाईलशेजारच्या वॅल नावाच्या फाईलीत असतात, आणि सिंकने एक फाईल आज नेली दुसरी उद्या नेली की झालं, कधी नोंदी गायब तर कधी फाईलच उघडत नाही. चालू डेटाबेस क्लाऊड फोल्डरमध्ये ठेवायचा नाही, कुठलाच नाही. पीडीएफ, वर्ड, स्कॅन केलेले कागद खुशाल ठेवा.

फुरसत:
सात प्रतींवरून आठवलं, ताई एक चूक करू नका जी मी केलीये. जुन्या प्रतीतल्या ओळी कॉपी करून मुख्य फाईलीत पेस्ट करायला जाऊ नका. प्रत्येक केसला आत एक नंबर असतो, तो सॉफ्टवेअर स्वतःच पुढचा पुढचा देत जातं. दोन मशीनवर दोन वेगळ्या नवीन केसेस एकाच दिवशी टाकल्या की दोन्हीकडे तोच नंबर जातो. मग तुम्ही एकीकडची कागदपत्रं आणि फी दुसरीकडे आणली की ती भलत्याच पक्षकाराला जाऊन चिकटतात आणि कुठे एरर येत नाही, हे सगळ्यात वाईट.

नेट बंद असलेल्या एका मशीनवर एकेक प्रत उघडा, पुढच्या तारखांचा रिपोर्ट काढून एक्सेलमध्ये घ्या, सगळे शेजारी शेजारी ठेवून फरक बघा आणि खरं काय ते कोर्टाच्या नोंदीवरून आणि मामांच्या डायरीवरून ठरवून एकाच फाईलीत हाताने टाका. कंटाळवाणं आहे, पण एक दिवसाचं काम आहे. क्लाऊड सेवेत फाईलच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात, पण त्या ठरावीक दिवसच राहतात तेव्हा आधी त्या उतरवून घ्या.

निवांत_गडी:
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घ्या ना. डेटा एकाच सर्व्हरवर, सगळे तिथेच लिहितात, सिंकचा प्रश्नच संपला. फोनवर पण चालतं.

वायरमन:
प्रश्न संपत नाही, जागा बदलतो. कोर्टात नेट नसलं तर ज्युनिअर तारीख कुठे टाकणार? मग त्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन सोय असते आणि ऑफलाइन आलं की परत सिंक आलंच. फक्त तिथे ते नोंदीनोंदीचं होतं, ते बरं. पण तिथेही विचारायचं की दोघांनी एकच नोंद बदलली तर काय करता? बरीच अ‍ॅप्स शेवटचा बदल खरा मानतात, आणि शेवटचा कुठला ते मशीनच्या घड्याळावरून ठरवत असतील तर ज्याचं घड्याळ पुढे तो जिंकतो. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही बदल समोर ठेवून विचारतं.

निवांत_गडी:
मान्य, पण माझ्या मते तरी पाच माणसांच्या ऑफिसने घरचा सर्व्हर सांभाळत बसू नये. हा, घेण्याआधी दोन गोष्टी मात्र लिहून घ्या, सोडून जायचं झालं तर सगळा डेटा कागदपत्रांसकट कुठल्या फॉरमॅटमध्ये परत देणार, आणि कुणी कधी काय बदललं याचा लॉग मिळणार का. तो लॉग असता तर सर आणि ज्युनिअर यांना एकमेकांसमोर शपथा घ्याव्या लागल्या नसत्या. आणि पक्षकाराची गुपितं त्यात आहेत तेव्हा पासवर्डवर भागत नाही, दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करा, सरांना पण.

धागाकर्ती:
सरांना सक्ती, हाहा. बघते.

अपडेट: फुरसत म्हणाले तसं केलं. सात प्रती, त्यातल्या दोन उघडल्याच नाहीत. उरलेल्या पाचांत मिळून अकरा तारखा वेगळ्या निघाल्या, म्हणजे आम्हाला तीनच माहीत होत्या, आठ आम्हाला कळल्याच नव्हत्या!! आणि हो, ४१२ नंबरच्या दोन वेगवेगळ्या केसेस सापडल्या, एक माझ्या लॅपटॉपवरची आणि एक ऑफिसची. माझीवाली सरळ पेस्ट करणारच होते मी, तुमचा प्रतिसाद वाचला म्हणून हात थांबला. मनापासून आभार.

आता सगळं ऑफिसच्या पीसीवर एकाच फाईलीत आणलंय. पण उद्यापासून बाहेरून काम कसं करायचं? एक जण म्हणाला व्हीपीएन (म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडायची सोय) लावून तीच फाईल उघडा.

वायरमन:
नको नको. व्हीपीएनवरून अ‍ॅक्सेसची फाईल थेट उघडायची म्हणजे लिहिता लिहिता लाइन तुटली की फाईल बिघडते. वायफायवरून पण टाळतो आम्ही, ऑफिसच्या आत केबल टाका. बाहेरून यायचं तर व्हीपीएन लावा आणि मग रिमोट डेस्कटॉपने ऑफिसातल्या मशीनवर बसल्यासारखं काम करा, म्हणजे लिहिणं तिथल्या तिथे होतं, लाइन तुटली तरी तुमचा फक्त पडदा जातो. एका वेळी एकच माणूस एका पीसीवर असा बसू शकतो हे लक्षात ठेवा, पाच जणांसाठी हा उपाय नाही, पण सर आणि तुम्ही यांची सोय होईल. व्हीपीएनशिवाय रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवू नका, तिथे दिवसरात्र कोणी ना कोणी दार ठोठावत असतं.

पक्का उपाय हवा तर सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा की नेटवर्क किंवा सर्व्हर आवृत्ती आहे का, जी एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर चालते. एक्सप्रेस आवृत्ती फुकट असते, २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. अ‍ॅक्सेसच्या फाईलीला २ जीबी, म्हणजे तुलनेत भरपूर. कागद बाहेर फोल्डरमध्ये ठेवले तर नुसत्या नोंदींना १० जीबी भरायला वर्षं जातील.

आणि फीचा मेनू लपवलाय म्हणालात ना, तो लपलेला नाही. डेटाची अख्खी फाईल इतके दिवस ज्युनिअरच्या लॅपटॉपवर होती. ज्याच्याकडे फाईल त्याच्याकडे फी. खरे अधिकार सर्व्हरवरच लावता येतात. ज्युनिअर सोडून गेला तर त्याचं लॉगिन बंद करायचं की झालं, आत्ता सोडून गेला तर फाईल घेऊनच जाईल.

धागाकर्ती:
हे सरांना दाखवलं, चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि ते फोनचं कॅलेंडर?

फुरसत:
तारीख एक दिवस मागे जाते ना? तुमचं सॉफ्टवेअर बहुतेक नुसती तारीख न पाठवता त्या तारखेची मध्यरात्र पाठवतंय, ती पण यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचवर आधारलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, बदलून. ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ होते, मग फोनने त्यातली वेळ गाळून नुसती तारीख घेतली की एक दिवस गेला. ज्या केसेसना वेळ लिहिलीये, सकाळी ११ वगैरे, त्या बरोबर दिसत असतील आणि वेळ रिकामी असलेल्याच चुकत असतील, बघा. तसं असेल तर सेटिंगमध्ये पूर्ण दिवसाची नोंद असा पर्याय असतो, नसेल तर सध्या सगळ्यांना वेळ टाकायला लावा.

आणखी एक, कॅलेंडरची लिंक घेऊन फोनमध्ये सबस्क्राइब केलं असेल तर ते एकतर्फी असतं, फोनवर तारीख बदलून ऑफिसात काही पोचत नाही, आणि ते ताजं व्हायला कित्येक तास लागू शकतात. दुपारी बदललेली तारीख फोनवर रात्री दिसली तर घाबरू नका. दोन्हीकडून बदल हवे असतील तर कॅलडॅव्ह (कॅलेंडर दोन्हीकडून सिंक करायची पद्धत) आहे का विचारा. आणि फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग त्या अ‍ॅपपुरती बंद करा, ती मागच्या मागे सिंक मारून टाकते.

निवांत_गडी:
बॅकअपचं कोणीच बोललं नाही. क्लाऊडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, इकडे डिलीट झालं की पाचही ठिकाणी डिलीट होतं. रोज रात्री डेटाबेसची तारखेच्या नावाने वेगळी कॉपी, एक बाहेरच्या डिस्कवर जी एरवी काढून ठेवलेली असते, आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडून बघायची.

धागाकर्ती:
बरोबर ओळखलंत, वेळ नसलेल्याच चुकत होत्या. पूर्ण दिवसाचा पर्याय सापडला, आता ठीक दिसतायत.

सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलले, सर्व्हर आवृत्ती आहे, डेटा ते हलवून देतील. तोपर्यंत असं ठरवलंय की लिहायचं फक्त ऑफिसच्या पीसीवर, ज्युनिअर कोर्टातून तारखा ऑफिसच्या ग्रुपवर टाकतील आणि मामा त्या सॉफ्टवेअरमध्ये भरतील, डायरीत लिहून झाल्यावर. बॅकअप आजपासून चालू केला. सरांना व्हीपीएन जोडायला शिकवायचं काम कुणाला हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी तीनदा प्रयत्न करून बसलेय.