यंत्रमागाचं कर्ज फिटेना. नव्या कायद्यात वैयक्तिक दिवाळखोरी मिळते का?

मागवाला (इचलकरंजी)
खर्चीवर (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून) साधे माग चालवतो, शेड भाड्याची. दिवाळीपासून व्यापाऱ्याने बिमं (सुताचे रूळ) कमी केली, मिळणाऱ्या खर्चीत लाइटबिलही निघत नाही. मागांवर बँकेचा बोजा आहे, त्याला चुलते जामीन. वर दोन क्रेडिट कार्डं, एका ॲपचं कर्ज, हातउसने. सगळं मिळून १९ लाख. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर, कंपनी नाही. एक एजंट म्हणतो, "२०१६ च्या कायद्यात तुम्ही बसताय, ४० हजार भरा, सगळं माफ करून देतो." वसुलीवाले रात्री साडेनऊला येऊन आईला बोलतात. राहतं घर आधी भावाला बक्षीसपत्राने द्यावं, मग अर्ज करावा, असंही एकाने सुचवलंय. खरंच बसतो का मी?

निवृत्त नाझर
दादा, एजंटला एक रुपया देऊ नका. तुम्ही म्हणता तो नवा कायदा म्हणजे २०१६ ची दिवाळखोरी संहिता. तिच्यात व्यक्तींसाठी भाग तीन आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. तुमच्यासारख्या एकट्या मालकाला तो अजून लागू नाही. तुम्हाला १९२० चा जुना नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच आहे, अर्ज जिल्हा न्यायालयात. (मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा.)

त्यात बसणं अवघड नाही. कर्ज फेडता येत नाही आणि ते किमान ५०० रुपयांचं आहे, एवढ्यावर अर्ज करता येतो. हा आकडा १९२० चाच आहे. अवघड पुढे आहे. नादार ठरलात की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. कोर्टाच्या परवानगीशिवाय मग नवा दावा लावता येत नाही, हा दिलासा खरा. पण बोजा असलेल्या मागांवरचा बँकेचा हक्क तसाच राहतो आणि चुलत्यांची जामीनकीही सुटत नाही. शेतकरी-मजुरांच्या राहत्या घराला जप्तीतून सूट आहे, यंत्रमागधारक त्यात बसेल असं धरू नका.

बक्षीसपत्र तर अजिबात नको. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत केलेल्या अर्जावर नादार ठरलात, तर रिसीव्हर ते रद्द करून घेऊ शकतो, आणि तुमच्या प्रामाणिकपणावरच शंका येते. कोर्टात अशी माणसं पाहिलीत. घर गेलंच, वर भावाभावांत कायमचं वाकडं आलं.

पुण्याहून
माझी प्रायव्हेट लिमिटेड होती, बँकेला वैयक्तिक हमी दिली होती, म्हणून माझं प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात गेलं. कंपनीच्या कर्जाला हमी दिली असेल तरच तो रस्ता. आणि नव्या कायद्याने चेक बाउन्सची फौजदारी थांबत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते स्पष्ट केलंय.

मागवाला
काका, मग आत्ता करू काय? आई घाबरून दार उघडत नाही.

निवृत्त नाझर
वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. रात्री दारात येऊन आईला धमकावणं तर त्याहून वाईट. तारीख-वेळ लिहून बँकेच्या तक्रार कक्षाला लेखी द्या, पोच घ्या. दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

बँकेकडे एकरकमी तडजोडीचा अर्ज टाका, चुलत्यांना सोबत न्या. लोकअदालतीत कार्डाची थकबाकीही मिटते, मी कित्येक मिटलेल्या पाहिल्यात. तिथे नाहीच जमलं, तर मग नादारी. त्यासाठी ज्यांचे ज्यांचे पैसे देणं आहे त्यांची नावं, पत्ते, रकमा आणि तुमच्याकडचं सगळं, सोनं धरून, कागदावर मांडा. काही लपवू नका. आणि एकदा नादार ठरलात की कोर्ट देईल त्या मुदतीत कर्जातून मुक्ततेचा अर्ज करायलाच हवा, नाहीतर नादारी रद्द होते आणि सगळे पुन्हा दारात. तोवर न सांगता कुणाकडून ५० रुपयांची जरी उधारी केलीत तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून किराणावाल्यालाही आधी सांगावं लागेल.

कोल्हापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न मर्यादेत असेल तर वकील मोफत मिळतो. जाताना मागांच्या कर्जाचे कागद आणि गेल्या वर्षाची लाइटबिलं घेऊन जा.