एमआरआयमध्ये गाठ काळी दिसते, तरी 'एलआर-४'च का?

थोरला मुलगा:
बाबांना सिरोसिस आहे, ट्रान्सप्लांटच्या तपासण्या चालू आहेत. एमआरआयच्या रिपोर्टात लिव्हरमध्ये १६ मिमीची एकच गाठ, 'एलआर-४' असं आलंय (गाठ लिव्हरचा कॅन्सर असण्याची शक्यता सांगणारी १ ते ५ ची श्रेणी; ४ म्हणजे बहुधा, ५ म्हणजे नक्की). गाठ आर्टेरियल फेजला उजळते, वॉशआऊट नाही, २० मिनिटांनंतरच्या फोटोंत काळी दिसते. डॉक्टर म्हणतात, बायोप्सीची घाई नको. काका म्हणतात, तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही कळणार कसं? आणि काळी दिसतेय तर सरळ एलआर-५ का नाही?

फिल्मवाला (रेडिओलॉजी):
काकांचं चूक नाही, बहुतेक कॅन्सरना तुकडा लागतोच. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरच्याच पेशींचा कॅन्सर, त्याला अपवाद. निरोगी लिव्हरला पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं. ही गाठ मात्र मुख्यतः हिपॅटिक आर्टरीवर पोसते. म्हणून कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, फोटोत उजळणारं औषध) दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात, म्हणजे आर्टेरियल फेजला, ती आधी उजळते आणि मिनिटभराने, पोर्टल फेजला, बाकीचं लिव्हर उजळलं की फिकी पडते. हे फिकं पडणं म्हणजे वॉशआऊट. सिरोसिस किंवा जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात गाठ १० मिमी वा मोठी आणि दोन्ही लक्षणं हजर, की एलआर-५. सुई न घालता. निरोगी लिव्हरला हा नियम लावत नाहीत.

आता काळेपणाचं. २० मिनिटांचे फोटो म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध गॅडॉक्सेटेट असणार. लिव्हरच्या पेशी ते शोषून उजळतात. ज्या गाठीच्या पेशी शोषत नाहीत ती काळी उरते. पण या औषधात वॉशआऊट फक्त पोर्टल फेजलाच मोजायचा, कारण पुढे लिव्हर स्वतःच उजळत जातं आणि साधी गाठही शेजारी काळी वाटू शकते. उशिराचा काळेपणा हे पूरक लक्षण. ते ३ चं ४ करतं, ४ चं ५ कधीच नाही. १६ मिमी आणि नुसतं उजळणं म्हणजे मुळात ३. बाबांचं ४ असंच झालेलं दिसतंय.

आईची मुलगी:
पुन्हा एमआरआय सांगितला तर श्वास सोडून धरण्याचा सराव आधी घरी करून घ्या. आईचा नेमका आर्टेरियल फेजला श्वास हलला. पुढचे फोटो स्वच्छ, हवा तोच पुसट!

फिल्मवाला:
अगदी. गॅडॉक्सेटेटने त्याच क्षणी काहींना थोडा वेळ धाप लागते, पोटात पाणी असेल तर आणखी पंचाईत.

थोरला मुलगा:
समजा कॅन्सरच निघाला, तर ट्रान्सप्लांट हुकेल का?

फिल्मवाला:
एवढ्याने नाही. १९९६ चे मिलान निकष बघा: एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येक ३ सेंमीपर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नको, लिव्हरबाहेर पसरलेली नको. १६ मिमी त्यात आरामात बसते. बायोप्सीत रक्तस्राव आणि सुईच्या वाटेने पेशी पसरण्याची थोडी भीती असते, शिवाय तुकड्यात काही नाही आलं म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही. मागच्या सहा महिन्यांतला कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय आहे का? सोनोग्राफी नको.

थोरला मुलगा:
चार महिन्यांपूर्वीचा सीटी आहे. त्या रिपोर्टात गाठीचा उल्लेखच नाही.

फिल्मवाला:
उल्लेख नाही म्हणजे गाठ नव्हतीच असं नाही. रिपोर्ट नको, डॉक्टरांच्या एकत्र मीटिंगला सीडीच द्या. तेव्हा ती १० मिमी मोजली गेली, तर आजची १६ म्हणजे ६० टक्के वाढ. सहा महिन्यांत ५० टक्के पुरतात, मग वॉशआऊट नसला तरी एलआर-५.