बोटीचा ट्रेलर रिव्हर्सला टाकला की ब्रेक जाम, पुढे घेतला की मोकळा

बॅकवॉटर_नाशिक:

मंडळी, १७ फुटी फायबर बोट आहे, इंजिन-पेट्रोल धरून ट्रेलरसकट वजन १,३०० किलोच्या आसपास. ट्रेलर अमेरिकन बनावटीचा, सेकंडहँड, आधी समुद्रावर वापरलेला. एकच अ‍ॅक्सल, दोन्ही चाकांना डिस्क, कपलरमध्ये (गाडीमागच्या बॉलवर बसणारा ट्रेलरचा सांधा) सर्ज ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे दाबला की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप. ओढायला डिझेल पिकअप.

गंगापूर धरणाच्या काठावर उतारावरून उलटा पाण्यात घालताना काही त्रास नाही. घरी आणून गेटातून आत घेताना चढ आहे, तिथे मात्र ट्रेलरची चाकं धरतात. पेव्हर ब्लॉकवर टायर घासत जातात आणि क्लचचा वास येतो. फूटभर पुढे घेतला की लगेच मोकळा.

कनेक्टर पाच पिनचा चपटा. निळी वायर गाडीच्या रिव्हर्स लाइटच्या वायरला पिळून टेप मारलीय. रिव्हर्स टाकल्यावर ब्रेक लाइनवरच्या सॉलेनॉइडला (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) हात लावला तर कधी बारीक ‘टक्’ जाणवतं, कधी नाही. शिवाय धरणावरून परत आल्यावर उजव्या चाकाचा हब (मधला भाग) डाव्यापेक्षा बराच गरम लागतो.

गॅरेजवाला म्हणतो ब्रेकच काढून टाका. काढू का?

—

दांडी_आणि_कपलर:

काढू नका. १,३०० किलोचं धूड पाठीमागून ढकलत असताना नुसत्या पिकअपच्या ब्रेकवर कसारा घाट उतरायचा म्हणजे अवघड आहे. तुमचा ब्रेक बिघडलेला नाही, तो सांगितलेलं कामच करतोय. त्याला पुढे-मागे कळत नाही, इतकंच.

सर्ज ब्रेकला एकच गोष्ट समजते: कपलर दाबला गेला का? पुढे जाताना तुम्ही ब्रेक मारला की ट्रेलर गाडीवर रेलतो, कपलरचा आतला भाग मागे सरकतो, मास्टर सिलिंडर दाबला जातो. रिव्हर्समध्ये चढावर गाडी ट्रेलरला ढकलते, तेव्हाही कपलर अगदी तसाच दाबला जातो. धरणाच्या उतारावर ट्रेलर आपल्याच वजनाने खाली ओढतो, कपलर ताणलेला राहतो, म्हणून तिथे ब्रेक लागत नाही. (याचीच दुसरी बाजू: पाण्यात उतरवताना ट्रेलरचा ब्रेक तुमच्या मदतीला येत नाही. सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. गाडी उभी केली की हँडब्रेक आणि चाकामागे ठोकळा.)

ड्रमवाल्या ट्रेलरला ‘फ्री बॅकिंग’ ड्रम असतात, चाक उलटं फिरलं की लायनर आपोआप सैल पडतो. डिस्कमध्ये ती सोय नाही. म्हणून डिस्कला रिव्हर्स सॉलेनॉइड लागतो. तो मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या मधल्या लाइनवर बसतो, एरवी उघडा असतो आणि १२ व्होल्ट मिळाले की ऑइलचा रस्ता बंद करतो. म्हणजे तुमचं भांडण ऑइलशी नाही, आधी वायरिंगशी आहे. ‘कधी टक्, कधी नाही’ यातच उत्तर आहे.

मल्टिमीटर घ्या. ट्रेलर जोडलेला, इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, रिव्हर्स गिअर. सॉलेनॉइडच्या दोन वायरींवर, सॉलेनॉइड जोडलेला असतानाच, व्होल्टेज बघा. प्लग काढून नुसत्या पिनवर १२ दिसले म्हणून खूश होऊ नका. लोड नसताना गंजलेली वायरही १२ दाखवते. साधारण ११ च्या वर हवेत. कमी आले तर दोन मापं अजून: बॅटरीच्या निगेटिव्हपासून सॉलेनॉइडच्या अर्थपर्यंत किती व्होल्ट पडतात, आणि रिव्हर्स लाइटच्या वायरपासून सॉलेनॉइडच्या निळ्या टोकापर्यंत किती. अर्थच्या बाजूला ०.३ व्होल्टच्या वर दिसलं की अर्थच्या पांढऱ्या वायरची टोकं उघडून घासा. पुष्कळ ट्रेलरवर अर्थ टो बॉलमधून जात असते, आणि बॉलवर आपणच ग्रीस थापलेलं असतं.

यानंतर ट्रेलरची चाकं उचलून घोडीवर घ्या (जॅकवर ठेवून खाली हात घालू नका) आणि दोन वेळा तपासा. सॉलेनॉइडला करंट नसताना मास्टर सिलिंडरचा पुशरॉड मोठ्या पेचकसाने दाबा: दोन्ही चाकं धरली पाहिजेत. मग सोडा, सॉलेनॉइडला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या आणि पुन्हा दाबा: चाकं हाताने फिरली पाहिजेत. थेट करंट देऊनही चाकं धरली तर व्हॉल्व्हच्या सीटवर गंज किंवा कचरा बसलाय. समुद्रावरून आलेल्या ट्रेलरला ते नवल नाही. तेव्हा व्हॉल्व्ह बदला, उघडून साफ करण्यात वेळ घालवू नका.

—

टोचन_मास्टर:

एवढं कशाला? लाइनमध्ये एक कॉक टाका. रिव्हर्सला बंद, पुढे जाताना उघडा. खर्च शंभर-दीडशे.

—

दांडी_आणि_कपलर:

कॉक उघडायचा राहिला की ट्रेलरला ब्रेकच नाही, आणि ते कळतं थेट उतारावर. पाण्याच्या नळाचा पितळी कॉक त्या दाबाला टिकणार नाही, आणि त्यातल्या रबराला ब्रेक ऑइल चालत नाही. जुन्या कपलरला रिव्हर्ससाठी आडवी पिन घालायची सोय असायची. तिचाही हाच रोग: पिन आत राहिली की ब्रेक गायब. प्रश्नकर्त्याने एकदा कपलरच्या बाजूला तसलं भोक आहे का ते बघावं. असेल तर आज गेटातून आत घेण्यापुरती पिन वापरता येईल. पण पिनला लाल पट्टी बांधा आणि पट्टीचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला.

—

तारा_आणि_रिले:

वायरिंगबद्दल थोडं.

पिळून टेप मारलेला जोड पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरवर एक पावसाळाही काढत नाही. टेप उघडा, तांब्याच्या तारा हिरव्या झालेल्या दिसतील. हिरवं पडलेलं टोक कापून पुन्हा त्याच वायरला जोडू नका. इन्सुलेशनच्या आत गंज बराच पुढे गेलेला असतो. तार चमकदार दिसेपर्यंत मागे छिला, नाहीतर पूर्ण बदला. जोड क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा), वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

दुसरं, नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (दिवे वगैरे चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) येते. त्या वायरीतून सॉलेनॉइडचा करंट ओढायचा नाही. व्होल्टेज तरी पडतं, नाहीतर मॉड्यूल लाइन बंद करतं. चार पिनी १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) घ्या, पिनांवर नंबर असतात: ८६ ला रिव्हर्स लाइटची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह १० अँपिअरच्या फ्यूजमधून (फ्यूज बॅटरीजवळ, रिलेजवळ नाही), ८७ वरून निळी वायर मागे. बॅटरीपासून मागे जाणारी वायर २.५ चौरस मिमीची, अर्थही तेवढ्याच जाडीची.

तिसरं, तुमचा कनेक्टर खरंच पाच पिनचाच आहे ना? कोणी मध्ये अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर सांभाळा. आपल्याकडच्या गोल सात पिनमध्ये रिव्हर्सची स्वतंत्र पिनच नसते. आणि अमेरिकन चपट्या पात्यांच्या सात पिनमध्ये निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकची, रिव्हर्स मधल्या पिनवर. नुसता रंगाला रंग जोडला की घोळ. सगळ्यात वाईट चूक म्हणजे सॉलेनॉइड स्टॉप लाइटला जोडला जाणं: पेडल दाबलं की नेमका त्याच क्षणी ट्रेलरचा ब्रेक बंद. तपासायला सोपं आहे. एकाने सॉलेनॉइडला हात लावून बसायचं, दुसऱ्याने गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक पेडल दाबायचं. ‘टक्’ आलं तर ट्रेलर रस्त्यावर काढू नका.

—

बॅकवॉटर_नाशिक:

मापं घेतली. प्लग काढून पिनवर १२.३. सॉलेनॉइड जोडून ८.७. अर्थच्या बाजूला १.९ पडतात, बाकीचे त्या पिळलेल्या जोडात. पेडल दाबून टक् येत नाही. बॅटरीतून थेट दिल्यावर जोरात टक् आला आणि पुशरॉड दाबूनही डावं चाक फिरलं. उजवं मात्र तेव्हाही जड होतं. पुशरॉडला हातही लावलेला नसताना ते तसंच जड. अ‍ॅडॅप्टर नाही. पिनचं भोकही नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. पाण्यात घालायच्या आधी दिवे उडू नयेत म्हणून मी प्लग काढतो. ते चुकतंय का?

—

दांडी_आणि_कपलर:

व्हॉल्व्ह शाबूत आहे, वायरिंगने मार खाल्लाय. वर सांगितलेला रिले आणि नवी अर्थ टाका, रिव्हर्सचं दुखणं तिथे संपेल.

प्लग काढायला हरकत नाही, उतारावर सॉलेनॉइडची गरजच पडत नाही. पण काठावर सपाट किंवा मऊ मातीत मागेपुढे करताना प्लग हवा. धरणाचं पाणी उतरलं की बॅकवॉटरला चिखलपट्टा उघडा पडतो. तिथे चाक रुतलं की ढकलायला जोर लागतो, कपलर दाबला जातो आणि ब्रेक धरतो. माणूस म्हणतो चिखलात अडकलो. निम्म्या वेळा चिखल नसतो, काढलेला प्लग असतो.

सवयीचं एक. काही सॉलेनॉइड व्हॉल्व्ह ऑइलचा परतीचा रस्ताही बंद करतात. पुढे जाताना ब्रेक मारून उभे राहिलात, कपलर अजून दाबलेलाच आहे आणि तुम्ही तसंच रिव्हर्स टाकलंत, तर दाब चाकांच्या बाजूला कोंडला जातो. वायरिंग कितीही चांगलं असो, चाकं धरलेलीच राहतात. म्हणून उभे राहिल्यावर आधी वीतभर पुढे, कपलर ताणला गेला की गिअर रिव्हर्स, आणि मग मागे.

उजव्या चाकाचं दुखणं वेगळं आहे, त्यासाठी नवीन धागा नको, इथेच सांगतो. चाक जड असताना त्या कॅलिपरचा (डिस्कला दोन्हीकडून आवळणारा भाग) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव आटा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं तर दाब कोंडलाय. एकाच चाकाला आहे म्हणजे बहुतेक त्या बाजूची रबरी होज आतून फुगलीय: दाबाने ऑइल जातं, पण परत येत नाही. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर होज निर्दोष, कॅलिपर चिकटलाय. स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या) बाहेर काढा, गंज पॉलिश पेपरने साफ करा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस तिथे घालू नका, रबर फुगतं. पिस्टन सी क्लॅम्पने मागे जातो का बघा. मागे ढकलताना मास्टर सिलिंडरचं झाकण उघडं ठेवा, ऑइल वर येतं. सांडलं तर लगेच पाणी मारा, बोटीच्या नि ट्रेलरच्या रंगाला ते खातं. पिस्टनवर खड्डे असतील तर नुसतं सीलचं किट टाकून भागणार नाही, कॅलिपरच बदला.

—

एमआयडीसी_फिटिंग:

होज बदलायचीच वेळ आली तर एक धोका. अमेरिकन ट्रेलरच्या ब्रेक पाइपचे नट बहुधा ३/८ इंच, २४ आट्यांचे. आपल्या गाड्यांचे बहुतेक १० मिमी, १ मिमी पिचचे. ३/८ चा नट १० मिमीच्या भोकात दोन-तीन आटे गोड बसल्यासारखा वाटतो, पण सैल असतो आणि दाब आला की आटे सोलून बाहेर येतो. त्यामुळे अंबड-सातपूर एमआयडीसीत होज बनवायला जाताना जुनी होज, दोन्ही नट आणि फ्लेअर केलेला (टोक पसरवलेला) पाइपचा तुकडा बरोबर घेऊन जा, आणि थ्रेड गेज लावूनच बनवायला सांगा. होज ‘ब्रेकची’ हवी. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची होज जास्त दाबाची असली तरी तिच्या आतलं रबर मिनरल ऑइलसाठीचं असतं, ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही.

नंतर ब्रेक लाइनमधली एअर काढताना ट्रेलरचा प्लग गाडीतून काढलेला असू द्या. कोणी रिव्हर्स टाकून बसलं असेल तर व्हॉल्व्ह बंद, आणि तुम्ही तासभर पंप मारत बसाल. कपलरपासून लांब पडणाऱ्या पाइपचं चाक आधी. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटली, १ लिटर आणा. जुनं काळं ऑइल पूर्ण काढायला अर्धा लिटर पुरत नाही.

—

बॅकवॉटर_नाशिक:

निपल उघडला, पिचकारी आली, चाक सुटलं. म्हणजे होज. डावीचीही बदलून घेतो. रिलेचं सामान आणलंय.

—

दांडी_आणि_कपलर:

डावीचीही बदला, वय तेच आहे. आणि कपलरखालून निघालेली ब्रेकअवेची तार (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारी) बघून घ्या. ती काटकोनात वळवताना ताणली जाईल इतकी आखूड नको. वळताना ती ओढली गेली की लिव्हर अडकतो आणि पुढे-मागे दोन्हीकडे चाकं जाम होतात. तसं झालं तर वायरिंग उपसू नका, आधी लिव्हरची क्लिप पेचकसाने सोडवा.