केळी विम्याचे फोन: नुसतं ब्लॉक करून भागत नाही

विम्याच्या नावाने फसवणारे फोन आले तर ‘नंबर ब्लॉक केला की विषय संपला’ असं एका भाऊंनी लिहिलंय. आमच्याकडे नाही संपला. रावेरकडे वादळात केळी आडवी झाली की आठवडाभरात फोन सुरू: ‘काका, भरपाई मंजूर झालीय, फक्त खातं व्हेरिफाय करायचंय.’ काकांना तर गट नंबरही बरोबर सांगितला. (सातबारा ऑनलाइन कोणीही बघतं, नवल कसलं!) मग व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली. काका ओट्यावर बसून चष्मा शोधत होते, तेवढ्यात धाकटीने मोबाइल हातातून काढून घेतला म्हणून वाचलो.

विम्याचे पैसे थेट खात्यात जमा होतात, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. दाव्याची चौकशी पीक विम्याच्या हेल्पलाइनवर, १४४४७ वर करा, आलेल्या नंबरवर नाही.

ओटीपी देऊन बसला असाल तर लाजत बसू नका. आधी बँक, लगोलग १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहा. आमच्या शेजाऱ्यांना बँकेत तेच पान दाखवावं लागलं.