कमरेखाली संवेदना नाही, तरी सर्फिंग जमेल का?

पुण्याची_मावशी
माझा भाचा २६ वर्षांचा, बाईक अपघातात मणक्याला मार बसला, टी१० पॅराप्लेजिया, म्हणजे छातीच्या मागच्या मणक्यांपैकी वरून दहाव्यापाशी इजा. कमरेखाली काही नाही पण हात-खांदे एकदम मजबूत. सध्या दिवसभर मोबाईलवर कॅलिफोर्नियातल्या पॅरा सर्फिंगचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो मावशी मला हे करायचंय. ताई रडायला लागते, भावजी विषय निघाला की उठून जातात. पाय हलत नाहीत तर बोर्डवर करतात काय नक्की? आणि गोव्यात वगैरे होईल का? कृपया 'जिद्द असेल तर सगळं होतं' टाइप उत्तरं नकोत, ती व्हॉट्सअॅपवर रोज येतात.

सिडनीकर_जोशी
उभंच राहायला पाहिजे असं काही नाही हो. पोटावर झोपून करतात, गुडघ्यांवर करतात, वेव्हस्की म्हणून सीट आणि बेल्टवाली बोट असते तिच्यात बसून वल्हं मारतात. २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होयाला या सर्फिंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे असेच वेगवेगळे गट असतात, पोटावरच्यांमध्येही स्वतः लाट पकडणारे वेगळे आणि मदत लागणारे वेगळे. अमेरिकन सर्फर जेसी बिलाउअर बघा, १९९६मध्ये सर्फिंग करतानाच मान मोडली, म्हणजे तुमच्या भाच्यापेक्षा बरीच वरची इंजुरी, तरी पोटावर झोपून परत लाटेवर गेला आणि २००१मध्ये इतरांसाठी संस्था काढली.

इथे सिडनीत कॉलरॉय बीचवर डिसेबल्ड सर्फर्स असोसिएशनचे दिवस असतात, मी कधीकधी व्हॉलंटियर म्हणून जातो. १९८६पासूनची संस्था आहे. जाड फुग्यासारख्या चाकांची खुर्ची थेट पाण्यात जाते, तिथून उचलून लांब मऊ फोमच्या बोर्डवर पालथं झोपवायचं, एकजण मागे बोर्ड धरून, दोन्ही बाजूंना माणसांची रांग, आणि किनाऱ्याजवळ पकडायला वेगळी टीम. एका सर्फरमागे अख्खी वरात असते. थोडक्यात बोर्ड मिळेल कुठेही, माणसं जमवणं हेच खरं काम. वेव्हस्की मात्र नंतर, उलटली तर पाण्याखाली बेल्ट सोडता यायला पाहिजे.

फिजिओ_मुग्धा
टी६च्या वरच्या इंजुरीत बीपी एकदम चढण्याची जी भीती असते ती टी१०ला फारशी नाही. मला काळजी त्वचेची. पाय बोर्डवरून खाली लोंबले आणि वाळूवर घासले, नख उलटलं, त्याला कळणारच नाही, आणि तीच जखम पुढे महिनोन्महिने बेडवर झोपवते. फुल वेटसूट (अंगभर घट्ट रबरी सूट), पायात बूट, पाण्यात जायच्या आधी ब्लॅडर रिकामं, बाहेर आल्यावर आरशात सगळं अंग तपासायचं. शिवाय वापर नसल्याने पायांची हाडं ठिसूळ होतात म्हणून उत्साही मित्रांनी तंगड्या धरून उचलायचं नाही!! आधी पूलमध्ये एकच गोष्ट बघा, पालथा पडला तर फक्त हातांच्या जोरावर स्वतःहून उताणा होतो का.

मालवणी_माशेल
पावसाळ्यात विसरा, नारळी पौर्णिमेपर्यंत तर आमचे लोक होड्या पण काढत नाहीत. दिवाळीनंतर गोव्यात लाट बारीक असते, शिकणाऱ्याला बरी. पण व्हीलचेअर पुळणीत रुतते त्याचं काय? चेन्नईत मरीना बीचवर २०२२ला लाकडी रस्ता केला, काही दिवसांतच मॅन्डस वादळाने मोडला, मग परत दुरुस्त केला. तो पण पाण्यापर्यंतच नेतो, पुढे माणसंच लागणार. सर्फ स्कूलवाल्याला फोनवर सगळं खरं सांगा, 'हो हो या, करू कायतरी' म्हणाला तर जाऊ नका.

रोखठोक
एवढा खटाटोप कशाला, पॅरालिम्पिकमध्ये तरी आहे का हे? लॉस एंजेलिस २०२८ला पॅरा क्लाइंबिंग घेतलं, सर्फिंग नाही घेतलं. त्यापेक्षा पॅरा स्विमिंग करा, निदान स्पर्धा तरी आहेत.

पुण्याची_मावशी
रोखठोक, त्याला मेडल नकोय, पाण्यात जायचंय. बाकी सगळ्यांचे आभार. भाच्याला वाचून दाखवलं, तर एवढं सगळं ऐकून विचारतो काय, वेटसूट कुठे मिळतो. मुग्धाताई, त्याच्या डाव्या टाचेवर एक लाल चट्टा आहे, जखम नाहीये, पण बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही, पूलला नेलं तर चालेल ना?

फिजिओ_मुग्धा
नाही. दाबून पांढरा होत नाही म्हणजे बेडसोरची पहिली पायरी आहे ती. आजच टाच गादीपासून अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्या आणि डॉक्टरांना दाखवा. चट्टा पूर्ण गेल्यावर पूल, त्याआधी नाही.